जुन्या जपानी चित्रपटांतल्या धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया : किसेरू, सिगारेट आणि १९४०ची बंदी

पाणवठा

१९३०च्या दशकातले जपानी चित्रपट पाहताना आपल्याकडच्या प्रेक्षकाची हमखास फसगत होते. पडद्यावर बाईने सिगारेट शिलगावली की ती खलनायिका असणार, निदान नायकाला नादी लावणारी तरी असणार, असे आपण धरून चालतो, कारण ‘श्री ४२०’मधल्या नादिराच्या हातातल्या त्या लांब होल्डरने आपली नजर तशीच घडवलेली आहे. हीच नजर घेऊन ओझू, नारुसे किंवा शिमिझू या जपानी दिग्दर्शकांकडे गेले तर अनेक पात्रांचा अर्थच हुकतो. माझे म्हणणे असे, की त्या काळच्या जपानी पडद्यावर बाई धूम्रपान करते यात स्वतःहून काही खळबळजनक नव्हते. ती कशाने करते, कोणासमोर करते आणि तिला विस्तव कोण देतो, यावर सारे ठरत असे.

जपानमध्ये तंबाखू सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांबरोबर आली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला शोगुनांच्या राजवटीने तिच्यावर वारंवार बंदी घातली, पण ती कोणी जुमानली नाही. एदो काळात, म्हणजे शोगुनांच्या त्या अमलात, पुरुषांइतक्याच स्त्रियाही किसेरू ओढत. किसेरू म्हणजे लांब, सडपातळ चिलीम. मधली नळी बांबूची, दोन्ही टोके धातूची आणि पुढची वाटी इतकी लहान, की केसासारखी बारीक कातरलेली तंबाखू तिच्यात जेमतेम चिमूटभर मावते. घरी पाहुणा आला की त्याच्यापुढे निखाऱ्याचे भांडे आणि राख झाडायची बांबूची नळी असलेले तबक ठेवणे हा साधा शिष्टाचार होता. एदो काळातला चित्रकार उतामारो याच्या लाकडी ठशांच्या चित्रांत किसेरू धरलेल्या स्त्रिया जागोजागी भेटतात, आणि त्या सगळ्या काही योशिवारातल्या, म्हणजे एदोच्या (आजच्या तोक्योच्या) वेश्यावस्तीतल्या नाहीत. त्यामुळे जुन्या चित्रपटात लांबट शेगडीमागे बसलेली चहागृहाची मालकीण किंवा शेजारची म्हातारी किसेरू ओढताना दिसली, तर दिग्दर्शकाला तिच्याबद्दल वाईट काही सुचवायचे नसते. तिचे वय, तिचा त्या घरातला अधिकार आणि जुन्या वळणाचे राहणे एवढेच त्यातून कळते.

सिगारेटची गोष्ट निराळी. ती मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, पाश्चात्त्य कपड्यांबरोबर आली आणि कचेरीतल्या, फौजेतल्या पुरुषांची वस्तू म्हणून रुळली. बाईच्या हाती ती दिसू लागली तेव्हाच वर्तमानपत्रांना विषय मिळाला. १९११ साली निघालेल्या ‘सेइतो’ या स्त्रियांच्या मासिकाभोवतीच्या काही जणी १९१२मध्ये योशिवारा पाहायला गेल्या, त्यांच्यापैकी एकीने रंगीत मद्याच्या पेल्याबद्दल लिहिले, आणि ‘नवी स्त्री’ म्हणजे पिणारी, ओढणारी, वेश्यावस्तीत फिरणारी बाई असे चित्र वर्तमानपत्रांनी उभे केले. १९२३च्या महाभूकंपानंतर तोक्योमध्ये कॅफे वाढले, मोगा म्हणजे ‘मॉडर्न गर्ल’ अवतरली, आणि १९३०मध्ये कियोशी कोबायाकावाने ‘होरोयोई’ या चित्रात आखूड केसांची, पुढ्यात मद्याचा पेला आणि बोटांत सिगारेट असलेली मुलगी रंगवली. पडद्यावरची सिगारेटवाली या चित्राचीच सख्खी बहीण आहे.

पण चांगल्या दिग्दर्शकांनी तिचे काय केले, ते पाहण्यासारखे आहे. हिरोशी शिमिझूचा १९३६चा ‘आरिगातो-सान’ घ्या. जवळजवळ सगळा चित्रपट इझू द्वीपकल्पातल्या घाटरस्त्यांवर, एका बसमध्ये घडतो. वाटेत बाजूला होणाऱ्या प्रत्येकाला ‘आरिगातो’ म्हणणारा देखणा चालक केन उएहाराने केला आहे. मागे एक आई आपल्या मुलीला घेऊन बसलेली आहे; मंदीमुळे त्या मुलीला तोक्योला विकायला चालवले आहे, आणि हे बसमधल्या सगळ्यांना माहीत आहे. चालकाच्या अगदी पाठीमागे बसली आहे काळ्या कॉलरचा किमोनो घातलेली, गावोगाव हिंडून दारूच्या गुत्त्यांवर काम करणारी एक बाई. ही भूमिका मिचिको कुवानोची. ती सिगारेट ओढते, चालकाशी थट्टा करते, जवळची बाटली काढून उतारूंना दारू देते आणि मिशीवाल्या शिष्ट गृहस्थाला तेवढा मुद्दाम वगळते. आपल्या हिशेबाने ही ‘वाया गेलेली’. पण त्या बसमध्ये खरे बोलायची हिंमत असलेली तीच एक आहे. जुनी शेवरोले घेण्यासाठी तू पैसे साठवतो आहेस, तेवढ्या पैशांत ही मुलगी विकली जाण्यापासून वाचेल, हे चालकाच्या तोंडावर तीच सांगते. दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये ती मुलगी दिसते; बाकीचे दिग्दर्शक न सांगता प्रेक्षकावर सोपवतो.

या बाईच्या सिगारेटमधून आपल्याला तिचा धंदाही कळतो आणि तिची मोकळीकही. तिच्या अब्रूचा निकाल समाजाने आधीच लावून टाकलेला असल्यामुळे तिला कोणाची भीड बाळगायची उरलेली नाही. शिमिझूला या पात्रात रस वाटतो तो याच जागी. जाणकारांनी भर घालावी.

तिसरी घंटा

उत्तम विषय. विस्तव कोण देतो हा मुद्दा तुम्ही जाता जाता सांगितला आहे, पण माझ्या मते किल्ली तिथेच आहे आणि ती चित्रपटाला रंगभूमीने दिलेली आहे.

योशिवारात गणिका किसेरू स्वतः पेटवून, एक झुरका घेऊन, मग ती गिऱ्हाइकाच्या हाती देत असे. तिच्या ओठांची नळी त्याच्या ओठांना लागावी, हाच त्यातला उघड संकेत. काबुकी या पारंपरिक जपानी रंगभूमीवरच्या ‘सुकेरोकू’ या नाटकात हा संकेत फार मजेदार रीतीने वापरला आहे. सुकेरोकू रस्त्यावरच्या बाकावर येऊन बसतो तेव्हा दोन्ही बाजूंनी गणिका त्याला पेटवलेल्या किसेरू देऊ लागतात, त्याच्या दोन्ही हातांत त्या मावेनाशा होतात, आणि पैसेवाल्या म्हाताऱ्या इक्यूने किसेरू मागितली तर त्याला द्यायला एकही शिल्लक राहत नाही. मग सुकेरोकू पायाच्या बोटांत किसेरू धरून त्याच्यापुढे करतो. कोणाला किती स्त्रियांची पसंती आहे, हे संवादाशिवाय नुसत्या नळ्यांच्या मोजदादीवर कळते.

दुसरी गोष्ट म्हणजे, साधारण १९२०पर्यंत जपानी पडद्यावर बहुतेक स्त्री-भूमिका पुरुषच करत असत. किसेरू कोणत्या बोटांत धरायची, मनगट किती वळवायचे, राख झाडताना मान कुठे वळवायची, हे सारे ओन्नागाता, म्हणजे स्त्री-भूमिका करणाऱ्या नटांच्या घराण्यांत ठरून गेलेले होते. आपल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको, कारण बालगंधर्वांच्या शालू नेसण्याकडे पाहून घरंदाज बायका नेसणे शिकल्या, हे आपण ऐकतच मोठे झालो. नोरिमासा काएरियामाने आपल्या पहिल्या चित्रपटांत हारुमी हानायागी या नटीला घेतले, १९२१मध्ये शोचिकू या चित्रपट कंपनीने सुमिको कुरिशिमाला पुढे आणले आणि वर्ष-दोन वर्षांत ओन्नागाता पडद्यावरून हटले. नव्या नट्यांना किसेरूचे घडीव व्याकरण आयते मिळाले, पण सिगारेटचे कोणतेच व्याकरण काबुकीत नव्हते. ते त्यांनी अमेरिकन चित्रपट पाहून आणि तोक्योतल्या गिन्झा या झगमगत्या भागातल्या रस्त्यावरून उचलले. त्यामुळेच त्या काळच्या चित्रपटांत किसेरू ओढणारी बाई कसलेली दिसते आणि सिगारेट ओढणारी जरा प्रयोग करून पाहत असल्यासारखी.

उत्तररात्र

दोन्ही प्रतिसाद वाचले, पण मला यात थोडे गोडवे गायल्यासारखे वाटते. शिमिझूची ती बाई शहाणी आहे हे मान्य; तरी चित्रपट तिला काय देतो? मुलगी वाचते, चालकाचे भले होते, आणि ही पुढच्या गावच्या पुढच्या गुत्त्याकडे निघून जाते. ओझूच्या १९३३च्या ‘हिजोसेन नो ओन्ना’मध्ये किनुयो तानाकाची तोकिको दिवसा कचेरीत टंकलेखन करते आणि रात्री गुंडाच्या सोबतीने राहते, तिला आपल्या राहणीचा उबग येतो तो एका साध्या, किमोनोतल्या मुलीला पाहून, आणि अखेरीस ती आपल्या माणसाच्या पायावर गोळी झाडून दोघांनाही पोलिसांच्या स्वाधीन करते. दिग्दर्शक मिझोगुचीच्या १९३६च्या ‘नानिवा एरेजी’त इसुझु यामादाची आयाको बापाच्या आणि भावाच्या पैशांच्या गरजेपोटी मालकाची रखेल होते, किमोनो सोडून झोकदार पाश्चात्त्य कपडे घालू लागते, आणि ज्यांच्यासाठी हे केले तेच घरचे लोक तिला जेवणाच्या पानावरून उठवतात.

अर्थात तिघी दिग्दर्शकांच्या लाडक्या आहेत, पण तिघींनाही घर मिळत नाही. स्टुडिओंचा हिशेब यात स्पष्ट दिसतो. शोचिकूचा कामाता स्टुडिओ स्त्री-प्रेक्षकांवर चालत असे. त्या प्रेक्षक स्त्रियांना दोन तास मोगा पाहायची हौस होती, पण घरी जाताना आपलेच बरे आहे असे वाटायलाही हवे होते. सिगारेट ही त्या हौसेची किंमत वसूल करायची सोय होती. बाईने पहिल्या रिळात ओढली, तर शेवटच्या रिळात तिला भोगायला लावता येते.

पाणवठा

उत्तररात्र, तुमचा आक्षेप वजनदार आहे आणि ‘हिजोसेन नो ओन्ना’पुरता तो मला पूर्ण मान्य आहे, ओझूच्या गुन्हेगारी चित्रपटांत अमेरिकन नमुन्याची छाप इतकी गडद आहे, की पश्चात्तापाचा शेवटही त्याच मापाने शिवलेला वाटतो. पण भोगायला लावण्याचा नियम सगळीकडे लावता येणार नाही.

मिकिओ नारुसेचा १९३३चा ‘योगोतो नो युमे’ पाहा. ओमित्सु बंदरावरच्या बारमध्ये काम करते, सिगारेट ओढते, खलाशांशी बरोबरीने बोलते, आणि त्याच कमाईवर लहान मुलाला वाढवते. सोडून गेलेला नवरा परत येतो; तो मायाळू आहे पण नेभळट. तात्सुओ साइतोने तो असा केला आहे, की त्याच्याकडे पाहून राग आणि कीव एकदमच येते. मुलगा अपघातात सापडतो, नवरा त्याच्या उपचारासाठी चोरी करतो आणि शेवटी जीव देतो. ओमित्सु त्याच्या भेकडपणाला दोष देते आणि मुलाला बळकट हो म्हणून सांगते. इथे शिक्षा झाली असेल तर ती नवऱ्याच्या दुबळेपणाला आणि मंदीला. बाईच्या सिगारेटशी तिचा संबंध जोडायला नारुसेने जागाच ठेवलेली नाही.

आता पात्रयोजनेकडे लक्ष द्या. ही ओमित्सु म्हणजे सुमिको कुरिशिमा, कामाताची सर्वांत मोठी आणि सोशीक, घरंदाज भूमिकांसाठी गाजलेली नटी. चारच वर्षांनी, १९३७च्या ओझूच्या ‘शुकुजो वा नानी ओ वासुरेता का’मध्ये तीच कुरिशिमा तोकिको नावाची करारी प्राध्यापकपत्नी झाली आहे. ओसाकाहून भाची सेत्सुको येते. ती बिनदिक्कत सिगारेट ओढते, दारू पिते, आणि मावशी तिला त्यावरून टोकते. भाचीच्या भूमिकेत मिचिको कुवानो, म्हणजे वर्षभरापूर्वीची बसमधली बाई. एका चित्रपटात ओढणारी दुसऱ्यात टोकणारी होते, आणि एकाच नटीच्या हातातली सिगारेट आधी गुत्त्यातली असते, मग श्रीमंत घरातल्या लाडावलेल्या मुलीची.

या सेत्सुकोला कोणी शासन करत नाही. ती प्राध्यापक काकांच्या मागे लागून गेइशागृह पाहून येते; गोल्फला गेल्याची थाप मारणारे काका पुरते तिच्या कचाट्यात सापडतात, आणि हवा छान असल्याचे त्यांनी आधीच लिहून ठेवलेले पोस्टकार्ड नेमके पावसाच्या दिवसाचे निघते. सेइतोच्या स्त्रिया १९१२मध्ये योशिवारात गेल्या तेव्हा केवढा गहजब झाला होता. पंचवीस वर्षांनी तीच कृती ओझू हलक्याफुलक्या विनोदासाठी वापरतो. घरात शेवटी पुरुषाचा हात उठतो, पण तो बायकोवर, सेत्सुकोवर नव्हे. ते दृश्य मला आजही खटकते. मात्र धूम्रपानाची सजा म्हणून ते वाचता येत नाही.

कुवानोबद्दल एक पूरक गोष्ट. चित्रपटांत येण्याआधी ती मोरिनागा या मिठाई कंपनीची ‘स्वीट गर्ल’ होती आणि नंतर तोक्योतल्या ‘फ्लोरिडा’ या नृत्यगृहात नर्तकी. दुसऱ्या नट्या जे बाहेरून शिकल्या ते तिच्या रोजच्या वावरातले होते, आणि म्हणून तिच्या हातातली सिगारेट ‘प्रयोग करून पाहिल्यासारखी’ वाटत नाही. तिसरी घंटा यांच्या निरीक्षणाला हा एक ठळक अपवाद.

काडेपेटी

मी अभिनयापेक्षा हालचालींच्या अंगाने थोडे लिहितो. किसेरूची वाटी दोन-तीन झुरक्यांत संपते. मग नळी तबकातल्या बांबूवर किंवा शेगडीच्या कडेवर आपटून राख झाडायची, पुन्हा चिमूट भरायची, वाकून निखाऱ्यावर धरायची, पुन्हा दोन झुरके. म्हणजे बोलणाऱ्या बाईला प्रत्येक दोन-तीन वाक्यांनंतर एक नैसर्गिक थांबा मिळतो. राग आला असेल तर आपटणे जोरात, विचारात असेल तर चिमूट भरणे सावकाश, समोरच्याला कटवायचे असेल तर राख झाडून नळी तबकात ठेवून द्यायची. मूकपटात हे सगळे डोळ्यांनी वाचले जाई. बोलपटात त्या आपटण्याचा आवाजही हाती आला. चहागृहाच्या मालकिणीने नळी खाडकन आपटली की समोरच्या पोरीने मान खाली घालायची, यासाठी संवाद लिहावा लागत नाही.

सिगारेट याच्या उलट. ती एकदा पेटली की आपली आपण जळत राहते. बाईला खाली वाकावे लागत नाही, चटईवर बसावे लागत नाही, एक हात मोकळा राहतो आणि ती चालता चालता, उभ्याने, बसमध्येही ओढता येते. किसेरू बाईला बहुधा शेगडीपाशी बांधून ठेवते. ‘आरिगातो-सान’मधली ती बाई किसेरू ओढणारी असती तर त्या बसमध्ये तिला ती इतक्या सहज ओढता आली नसती. आधुनिक बाईच्या हाती सिगारेट येण्यामागे फॅशनइतकाच हा साधा व्यवहार आहे, आणि चित्रीकरण स्टुडिओतून बाहेर रस्त्यावर आल्यावर दिग्दर्शकांना तो फारच सोयीचा पडला असणार.

तिसरी घंटा

काडेपेटी, फार नेमके. यात विस्तवाचा धागा पुन्हा जोडतो. निखाऱ्याच्या जागी काडी आली तरी पेटवून देण्याचा संकेत मेला नाही. मूळ विषयाच्या काळाबाहेरचे असले तरी ओझूच्याच १९५९च्या ‘उकिगुसा’चा शेवट सांगतो. फिरत्या नाटकमंडळीचा मालक आणि त्याची सोबतीण यांचे कडाक्याचे भांडण होऊन सगळे मोडले आहे. रात्री स्टेशनवर तो सिगारेट तोंडात धरून काडी शोधतो आहे. माचिको क्योची सुमिको उठून काडी ओढते आणि पुढे करते. तो तोंड फिरवतो. काडी विझते, ती दुसरी ओढते, आणि कधीतरी तो सिगारेट पुढे करतो. त्या दोघांचा समेट झाला हे तिथेच ठरते. पुढचे बोलणे नुसते तिकिटांचे. योशिवारातल्या पेटवलेल्या किसेरूचा वंश इथपर्यंत पोहोचला आहे.

ओसरी

मी इथे नवीन आहे, म्हणून भीत भीत विचारते. शीर्षकात ‘१९४०ची बंदी’ असा उल्लेख आहे, पण चर्चेत ती अजून आलीच नाही. जपानमध्ये स्त्रियांच्या धूम्रपानावर खरोखरच कायदेशीर बंदी होती का?

पाणवठा

ओसरी, बरे विचारलेत. तो भाग मी मुद्दाम मागे ठेवला होता. प्रौढ स्त्रियांनी ओढू नये असा कायदा नव्हता. १९००चा कायदा होता तो वीस वर्षांखालच्या सर्वांसाठी, मुलगा असो वा मुलगी. बंदी आली ती पडद्यावर.

१९३९मध्ये चित्रपट कायदा लागू झाला. पटकथा आधी तपासून घेणे सक्तीचे झाले आणि दिग्दर्शक, नट-नट्या यांना परवाने घ्यावे लागू लागले. पुढच्या वर्षी गृहखात्याने चित्रपटांत काय नको याची यादी स्टुडिओंना दिली. तीत वैयक्तिक सुखाच्या कथा, श्रीमंतांच्या राहणीचे चित्रण, कॅफेत दारू पिणे, परदेशी शब्दांचा वापर आणि स्त्रियांनी धूम्रपान करण्याची दृश्ये ही सगळी एका ओळीत होती. त्याऐवजी कारखान्यांतले आणि शेतीतले उत्पादन, खेड्यातले जीवन दाखवावे अशी सूचना होती. ओझूची ‘ओचाझुके नो आजी’ची पटकथा याच सुमारास अडली, कारण रणांगणावर निघालेल्या नवऱ्याने मंगल प्रसंगीचा लाल भात सोडून साधा चहा ओतलेला भात खावा, हे तपासनिसांना रुचले नाही. तो चित्रपट १९५२मध्ये, बराच बदलून, आला.

त्या यादीतला शेजार मला बोलका वाटतो. सरकारला तंबाखूची चिंता असती तर पुरुषांच्या तोंडची सिगारेटही गेली असती. सेत्सुको किंवा बसमधली ती बाई यांच्यात गृहखात्याला बोचले ते त्यांचे स्वतःच्या मर्जीने वावरणे, म्हणजेच ते ‘वैयक्तिक सुख’. सिगारेट ही त्याची कॅमेऱ्यात चटकन दिसणारी, म्हणून चटकन कापता येणारी खूण.

उत्तररात्र

इथे मी पाणवठा यांच्या बाजूचा, आणि त्याला एक जोड देतो. १९०४मध्ये रशियाशी युद्ध चालू असताना महसुलासाठी जपान सरकारने तंबाखूचा संपूर्ण व्यवहार आपल्या मक्तेदारीत घेतला होता. म्हणजे १९४०मध्ये सिगारेट बनवणारे आणि विकणारे स्वतः अर्थखातेच होते. त्याच वर्षी ‘गोल्डन बॅट’चे नाव बदलून ‘किन्शी’ आणि ‘चेरी’चे ‘साकुरा’ केले गेले, कारण पाकिटावरचे इंग्रजी नाव नकोसे झाले होते. एका खात्याने बाईला सिगारेट विकायची आणि दुसऱ्याने ती तिच्या हातात दिसू द्यायची नाही, असा तो कारभार. बाईने ओढण्यावर आक्षेप नव्हता. तिने ओढताना चार लोकांसमोर बसणे नको होते. किसेरू ओढणाऱ्या शेगडीमागच्या म्हातारीचे कोणाला काही वाटत नव्हते ते त्यामुळेच.

तरीही माझा मूळ आक्षेप मी पूर्ण मागे घेत नाही. बंदी यायच्या आधीही त्या सिगारेटवालीला घर देणारा चित्रपट मला अजून भेटलेला नाही. सेत्सुकोला घर आहे, पण ते बापाचे आहे; ओमित्सुला मूल आहे, पण भाड्याची खोली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या शेगडीपाशी, कोणाला न घाबरता सिगारेट ओढणारी १९४०पूर्वीची नायिका कोणाला माहीत असेल, तर चित्रपटाचे नाव इथे जरूर द्यावे.